उसने देव

टिण्ण.

दुपारच्या शांततेत स्टीलच्या ताटावर एवढासा आवाज झाला आणि संयोगिताच्या हातातला डाव जिथल्या तिथं थांबला. वळून बघायची गरजच नव्हती. दूध उतू जाणार हे जसं नाकाला आधी कळतं, तसा हा आवाज आता तिच्या कानाला कळत होता. गोळी पडली होती. परत.

“पडली गं बाई,” जमनाबाई म्हणाल्या. ओठ फारसे न हलवता म्हणाल्या, तोंडात निखारा आहे आणि तो सांडायला नको, अशा.

ताटात मऊ भात, त्यावर ताक, आणि ताटाच्या काठाशी ती गोळी. वाटाण्याच्या डाळीसारखी, एका अंगानं फुगीर, दुसऱ्या अंगानं सपाट. फुगीर बाजू हिरडीला लावायची, वरच्या पुढच्या दाताच्या जरा वर, आणि बाहेरून ओठावर बोट दाबून अर्धा मिनिट धरून ठेवायचं. मग ती तिथंच दिवसभर हळूहळू विरघळत राहते. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. लहान पोरालाही जमेल असं काम. आणि तरी रोज दुपारी, नेमकं ताटावर बसलं की, टिण्ण.

“आत्या, सकाळी मी स्वतः लावली. अकराला बघितली तेव्हा गच्च बसली होती. मग जेवायलाच काय होतं तिला?”

सासूला ती आत्या म्हणायची. सांगलीकडच्या माहेरात तशीच रीत होती, आणि इथल्या गल्लीतले कन्नड शेजारीही सासूला अत्तेच म्हणायचे, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं वाटलं नाही.

“मला काय ठाऊक? तिचं तिला इच्चार.” जमनाबाईंनी एक घास तोंडाशी नेला, ओठांना लागताच डोळे गच्च मिटले आणि चमचा परत ताटात ठेवला. “साकु. बास झालं.”

“दोन घाससुद्धा झाले नाहीत!”

“सुम्ने ओरडू नको उगाच. जळतंय तर जळतंय.”

चिकपेटच्या मागच्या त्या गल्लीत शांतता अशी फक्त याच वेळी यायची. साड्यांच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्या थांबायच्या, गुमास्ते डबे उघडून बसायचे, घटकाभर हाका बंद व्हायच्या. त्या घटकेत संयोगिताला दोन मीटिंगांच्या मधे वीस मिनिटं मिळायची. त्या वीस मिनिटांत सासूला भरवायचं, लेकीला भरवायचं, आपण उभ्यानं खायचं. आज तिनं ती वीस मिनिटं पडलेल्या गोळीकडे बघण्यात घालवली.

दुखण्याची सुरुवात दम्याच्या पंपापासून झाली होती. पंप ओढल्यावर चूळ भरून टाकायची, असं डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. जमनाबाईंना ते पटलंच नव्हतं. “औषध घ्यायचं नि लगेच थुंकून टाकायचं? मग घ्यायचं कशाला?” त्या चूळ न भरता पंप ओढत राहिल्या, आणि एक दिवस जिभेवर, गालांच्या आत, टाळूला, दह्याची साय धरावी तसा पांढरा थर धरला. खरवडला तर खाली लालभडक. चव गेली, तिखट गेलं, मग मीठ गेलं, आणि आता नुसतं पाणीसुद्धा काचा गिळाव्यात तसं त्या गिळायच्या.

“बुरशी आहे, अज्जी,” डॉक्टर महानंदांनी सांगितलं होतं.

“बुरशी?” जमनाबाई खुर्चीत ताठ झाल्या होत्या. “भाकरीला येते ती? शिळी भाकरी आहे का मी?”

डॉक्टर हसल्या होत्या. संयोगिताही हसली होती. तेव्हा हसू येत होतं.

आधी तोंडात धरायचे थेंब दिले. त्यांच्या गोडसर वासानं जमनाबाईंना ओकारी यायची. म्हणून ही गोळी, मागवून आणलेली. गिळायची नाही, चघळायची नाही, खाणंपिणं खुशाल चालू ठेवायचं. संयोगिताला वाटलं होतं, सुटलो. आणि आता आठवडा उलटून गेला तरी थर जिथल्या तिथं, उलट घशाकडे सरकलेला. जमनाबाईंच्या झंपराच्या बाह्या दंडावर अशा लोंबत होत्या, की जणू दुसऱ्याच कुणाचा झंपर घातलाय.

त्या संध्याकाळी ती त्यांना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि या वेळी हसल्या नाहीत.

“गोळी राहते का जागेवर?”

“अकरापर्यंत राहते. जेवायला बसलं की पडते.”

“जेवणानं पडत नाही ती. एकदा धरली की धरली. काढून परत लावली तर मात्र धरत नाही, ओली होऊन जाते.” डॉक्टरांनी जमनाबाईंकडे बघितलं. “अज्जी, हात लावता का तिला?”

“मी कशाला लावू?” जमनाबाई भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत म्हणाल्या.

बाहेर येताना डॉक्टरांनी संयोगिताला दाराशी थांबवलं. आवाज खाली आणला. “अजून चार-पाच दिवस बघू. घशाखाली गेलं आणि खाणं असंच राहिलं, तर ॲडमिट करावं लागेल. या वयात, या वजनाला, मला ते नकोय. गोळी तोंडात राहिली पाहिजे. एवढंच करा.”

एवढंच करा. संयोगिता रिक्षात बसून तेच मनाशी घोळवत राहिली. सगळ्या जगाला तिच्याकडून एवढंच हवं असतं. ऑफिसला एवढंच, लेकीला एवढंच, गोळीला एवढंच.

रात्री अभिराजचा फोन आला. तो देवनहळ्ळीला विमानतळावर सामानाच्या विभागात होता, शिफ्ट लांबली की तिकडेच मित्राच्या खोलीवर झोपायचा.

“तू नीट दाबतेस का?” त्यानं विचारलं.

“नाही. मी गोळी लांबून नेम धरून मारते.”

“तसं नव्हे गं…”

“तू ये आणि दाब. तुझी आई आहे.”

फोन ठेवल्यावर तिला वाईट वाटलं, पण ते वाटायलाही वेळ लागतो, आणि लेक दिव्यश्री झोपेतून उठून पाणी मागत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं कंबर कसली. सकाळी जमनाबाईंनी दात घासले, तिनं स्वतः कापसानं हिरडी कोरडी केली, गोळी लावली, बोटानं ओठ दाबून धरला. अर्धा मिनिट मोजायला दिवू समोर उभी राहून शाळेतलं गाणं म्हणायची, गाणं संपलं की बोट काढायचं. दिवू चार वर्षांची. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे आईची मीटिंग चालू असताना ती दिवसभर आजीच्या पदराला. गोळीच्या या सगळ्या प्रकरणात मजा येत असलेला घरातला एकटाच जीव.

“बघू? हसा.” संयोगितानं ओठ वर करून बघितलं. पक्की. “आता काही झालं तरी हात लावायचा नाही.”

“सरी, सरी, नाही लावत,” जमनाबाई म्हणाल्या.

आणि दुपारी ताटावर, टिण्ण.

संयोगिताच्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाचं. तिला वाटलं, गोळीच भेसळीची असेल. मग वाटलं, म्हातारीची हिरडीच तशी असेल. मग वाटलं, आपल्यातच काही खोट आहे, आपल्या हाताला यशच नाही. माहेरी आई म्हणायची, हिच्या हातचं लोणचं बुरसतं. ते आठवून तर तिला आणखीच चीड आली. जमनाबाई गुपचूप ताटासमोर बसून होत्या. घास घेत नव्हत्या, आणि नजरही देत नव्हत्या.

उलगडा झाला तो त्याच्या पुढच्या दिवशी, आणि तोही लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या.

मीटिंग चालू होती. तिनं माइक बंद केलेला. पलंगाशेजारी फरशीवर दिवूचा खेळ मांडलेला होता. चुरमुऱ्यांची पुडी, गल्लीच्या भाषेत कडलेपुरी, आणि बाहुली. दिवूनं एक चुरमुरा उचलला, बोटानं वरचा ओठ उचलला, चुरमुरा हिरडीला लावला आणि ओठ दाबून, नाकातून गाणं म्हणायला लागली. संयोगिताला हसू आलं. बिचारीनं काय काय बघायचं या वयात.

गाणं संपलं. दिवूनं बोट काढलं. बाहुलीला आंघोळ घातली, खोटा खोटा स्वयंपाक केला, डबीच्या झाकणात दोन चुरमुरे वाढले. मग पदर घेतल्यासारखा टॉवेल डोक्यावर घेतला. इकडे तिकडे बघितलं. आणि तोंडात बोट घालून, हिरडीवरचा चुरमुरा हलकेच नखानं सोडवून, दुसऱ्या एका झाकणात ठेवला. हात धुतल्यासारखे केले. चूळ भरल्यासारखी केली. झाकणाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, तोंडानं “टिंग टिंग” केलं. मग चुरमुरा उचलून परत हिरडीला चिकटवला. तो चिकटेना. तिनं खाऊन टाकला.

“दिवू,” संयोगिता म्हणाली. कानातला इयरफोन तिनं केव्हा काढला तिलाच कळलं नाही. “हे काय करत होतीस?”

“आजी-आजी खेळत होते.”

“मधेच गोळी का काढलीस?”

“नैवेद्य दाखवायचा होता ना,” दिवू म्हणाली. एवढंही कळत नाही का, अशा सुरात.

संयोगिता उठली. मीटिंगमधे कुणीतरी तिचं नाव घेत होतं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली तेव्हा घंटी नुकतीच थांबली होती. देव्हाऱ्यासमोर जमनाबाई पाटावर बसलेल्या, पाठमोऱ्या. भवानीचा टाक, खंडोबाचा टाक, पितळेची अन्नपूर्णा, समोर वाढलेलं ताट. कुंकवाच्या करंड्याचं झाकण बाजूला उलटं ठेवलेलं. त्यात गोळी.

“आत्या!”

जमनाबाई दचकल्या, पण वळल्या नाहीत. आधी नमस्कार पुरा केला, मग वळल्या. चोरी सापडलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. फार दमलेल्या माणसाचा होता.

“रोज काढता?”

“रोज नैवेद्य असतो.”

“आणि मला सांगता पडली म्हणून! मी गोळीला बोलले, दुकानदाराला बोलले, स्वतःला बोलले! दहा दिवस झाले, आत्या. तिकडे डॉक्टर ॲडमिट करायचं म्हणतायत, आणि तुम्ही इथं…” तिनं झाकणातल्या गोळीकडे बोट दाखवलं. “का पण?”

“उष्ट्या तोंडानं देवापुढं बसू?”

“उष्टं कसलं? ते औषध आहे!”

“तोंडात इरघळतंय ना?”

“हो.”

“जिभेला कळतंय ना?”

“तुमच्या जिभेला काहीच कळत नाही सध्या!”

“माझ्या नसेल कळत. देवीला कळतंय.” जमनाबाई एक एक शब्द सावकाश, जळत्या तोंडातून उचलून ठेवल्यासारखा ठेवत होत्या. “नैवेद्य होईस्तोवर या घरातली बाई चाखत नाही. भाजीचं मीठसुद्धा अंदाजानं. तू म्हणतेस ही गोळी दिवसभर विरघळते, रात्रभर विरघळते. मग मी दिवसभर चाखतच बसले की. माझं तोंड कधी मोकळं व्हायचं?”

हिशेब बरोबर होता. चुकीच्या गणिताचा असला तरी बरोबर होता. संयोगिताला राग त्याचाच जास्त आला.

“मग अभिराजला सांगू. तो दाखवेल नैवेद्य.”

“तो घरी असतो कधी?”

“मग मी दाखवते.”

जमनाबाईंनी तिला खालपासून वर न्याहाळलं. गल्लीत एक हातगाडी खडखडत गेली.

“तू सकाळी उठल्या उठल्या चहा पितेस,” त्या शेवटी म्हणाल्या.

“नाही पिणार.”

“लॅपटॉपवर बडबडत असतेस त्या वक्ताला.”

“थांबवीन बडबड. अर्धा तास काही कंपनी बुडत नाही.”

“तुला मंत्र येत नाही.”

“तुम्हाला तरी कुठं येतो? तुम्ही ‘आई, गोड करून घे’ म्हणता. ते मलाही येतं.”

जमनाबाईंचा ओठ जरासा हलला. हसणं होतं की कळ, सांगता आलं नसतं. मग त्यांनी पाटाच्या कडेवरून हात फिरवला. लाकूड तिथं गुळगुळीत झालं होतं.

“संयू, बस,” त्या म्हणाल्या.

ती उंबऱ्यावर बसली.

“माझी सासू या पाटावर बसायची. तिच्या आधी तिची. मराठ्यांच्या फौजेबरोबर आपले लोक इकडं आले तेव्हापासून हे टाक सासूकडून सुनेकडं. माझ्या सासूनं एक दिवस मला ओटीत घातले देव, आणि म्हणाली, आता तुझे. उठली पाटावरून. ती परत बसली नाही त्याच्यावर. त्या साली माझ्या हातचा दसऱ्याचा नैवेद्य तिनं बघितला नाही.” त्या थांबल्या, आवंढा गिळला, गिळताना चेहरा वाकडा झाला. “तिच्याही सासूचं तसंच झालं म्हणायची. या घरात देव हातातनं गेले की बाई जाते. तू शिकलेली आहेस, तू हसशील. हस. मी गोळी काढत होते, कारण मला जायचं नाही अजून. कळलं?”

संयोगिताला हसू आलं नाही. ओरडायचं होतं तिला. अहो, जायचं नाही म्हणून तर जायची तयारी चालवलीय तुम्ही! पण समोर त्या लोंबणाऱ्या बाह्या होत्या, आणि बाह्यांतून निघालेले काटकुळे हात मांडीवर एकमेकांना धरून बसले होते. तिच्या लक्षात आलं, ही बाई दहा दिवस उपाशी आहे, आणि तरी रोज पूर्ण स्वयंपाक करून देवाला जेवू घालते आहे, जगण्यासाठी.

आतल्या खोलीतून लॅपटॉपचं टुंग टुंग ऐकू येत होतं. कंपनी तिला शोधत होती.

“देऊ नका मग,” ती म्हणाली.

“आँ?”

“देव देऊ नका. उसने द्या.”

जमनाबाईंनी मान वर केली.

“शेजारून साखर आणतो ना आपण, वाटीभर? ती काय आपली होते? तसे द्या. तुमचं तोंड बरं होईपर्यंत. ओटी नको, काही नको. मालकी तुमची, हात माझा.”

“देव कुणी उसने देतं का, येडे?”

“देत नसतील. तुम्ही द्या. आजपर्यंत कुणी हिरडीला गोळी चिकटवली होती का या घरात?”

जमनाबाई भवानीच्या टाकाकडे बघत राहिल्या, जणू तिला विचारत होत्या. दिवू मधेच येऊन आजीच्या मांडीत शिरली आणि करंड्याच्या झाकणातल्या गोळीकडे मोठ्या आशेनं बघू लागली. जमनाबाईंनी झाकण तिच्यापासून दूर सरकवलं.

“उसनी वाटी रिकामी परत करायची नसते,” त्या म्हणाल्या. “ठाऊक आहे ना? काहीतरी घालून द्यायची.”

“घालीन.”

“सरी. नवी गोळी काढ. ही गेली भिजून.”

दुसऱ्या दिवसापासून संयोगिताचे हाल सुरू झाले. चहाशिवाय सकाळ काय असते ते तिला लग्नाआधी किंवा नंतर कधी कळलेलं नव्हतं. दहा वाजता डोकं ठणकू लागायचं. मीटिंगमधे कुणी साधं “ओके?” विचारलं तरी तिला त्याच्या अंगावर जावंसं वाटायचं. आंघोळ, ओलं डोकं, एका हातानं भाजी फोडणीला, दुसऱ्या हातानं माइक बंद. बाराच्या ठोक्याला ती पाटावर बसायची, आणि मागे उंबऱ्यावर जमनाबाई, पहारेकऱ्यासारख्या.

पहिल्या दिवशी तर गंमतच झाली. दात घासल्यानंतर जमनाबाईंना दम लागला होता, त्यामुळे पंप, मग चूळ, असं होता होता गोळी लावायला बारा वाजले. पंपानंतरची चूळ आता त्या मुकाट्यानं भरत होत्या. एकदा हरल्यावर सगळीकडेच हरायला काय हरकत, असं काहीसं. संयोगिता नैवेद्याला बसली तेव्हा जमनाबाई ओठावर बोट दाबून उभ्या होत्या, म्हणजे बोलता येत नव्हतं. आणि इकडे सून ताटाखाली पाण्याचा चौकोन काढायला विसरली.

“म्म्म!” मागून आवाज आला.

“काय?”

“म्म्म म्म!” दुसरा हात हवेत चौकोन काढत होता.

“दार लावू?”

“म्म्म!!”

“आजी म्हणते पाणी,” दिवू म्हणाली.

संयोगितानं ताट उचललं, चौकोन काढला, ताट ठेवलं, उलट दिशेनं पाणी फिरवलं. मागून असा एक सुस्कारा आला, की जणू चारशे वर्षांच्या सगळ्या सुना एकदम निराश झाल्या.

“आई, गोड करून घे,” ती म्हणाली, आणि तिला खरंच तेवढंच म्हणायचं होतं. तिनं घंटी वाजवली. पाठीमागं बोट ओठावरून निघालं.

“मीठ कमी आहे भाजीत,” जमनाबाई म्हणाल्या. “वासावरनं कळतंय.”

त्या दिवशी ताटावर आवाज झाला नाही. संयोगिता सबंध जेवणभर कान देऊन बसली होती. नुसते चमच्याचे आवाज, तेही थोडेच. संध्याकाळी तिनं ओठ उचलून बघितलं. गोळी होती, झिजून निम्मी झालेली, हिरडीला धरून. तिला एकदम इतकं रडू आलं, की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

मग हळूहळू उतार पडला. एक दिवस डाव्या हिरडीला, एक दिवस उजव्या. आधी गालांचा थर सुटला, मग जिभेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या. जमनाबाईंनी आधी ताकभात खाल्ला, मग पेज, मग एक दिवस त्यांनी स्वतःहून “स्वल्प लोणचं” मागितलं आणि दिलं नाही म्हणून रुसल्या. रुसल्या हे ऐकून अभिराज फोनवर हसला, आणि मग त्यानं ते पुन्हा सांगायला लावलं. डॉक्टर महानंदांनी टॉर्च मारली आणि म्हणाल्या, “अज्जी, ताजी भाकरी झालात.” गोळ्यांची पट्टी संपत आली.

संयोगिता आता त्या दिवसाची वाट बघत होती. तिनं चहाचा मोठा मग घासून पुसून वर ठेवला होता. सकाळी साडेसातला, गरम, साखर जास्त. त्या मगाची स्वप्नं पडत होती तिला. चिडचिड करायची, देवापुढे पाय आपटत जायची, पण एकदा बसली की पाण्याचा चौकोन आता सरळ यायचा, आणि भाजीचं मीठ न चाखता बरोबर पडायचं. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

शेवटची गोळी विरघळून गेल्यावर, पुढच्या दिवशी तिनं लवकर उठून रव्याचे लाडू वळले. उसनी वाटी रिकामी जाऊ नये म्हणून. देव्हारा धुतला, पाट पुसला, ताट वाढलं, लाडवांची वाटी टाकासमोर ठेवली आणि उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

“आत्या, या. घ्या तुमचे देव. तोंड मोकळं झालं.”

जमनाबाई उंबऱ्यावर त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. गेल्या दिवसांत तिथं त्यांनी एक चटई आणून घातली होती, पाठीला उशी आणली होती. त्यांनी पाटाकडे बघितलं, मग सुनेच्या ओल्या केसांकडे, मग वाटीकडे.

“लाडू चांगले वळलेस,” त्या म्हणाल्या.

“या ना. गार होतंय.”

“आज गुडघा दुखतोय गं. आज तूच दाखव.”

“आत्या, चहा…”

“उद्या बघू.” त्यांनी उशी पाठीमागं नीट केली. चेहरा शांत होता. जेवलेल्या माणसाचा, गाल किंचित भरलेले. “बस. उशीर करू नको. देवी वाट बघतेय.”

संयोगिता उंबऱ्याशीच उभी राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. भांडायचं होतं खरं तर, हाताला धरून ओढत आणून बसवायचं होतं त्यांना त्या पाटावर. उसने दिले होते ना, आत्या. ठरलं होतं. पण जमनाबाईंनी डोळे मिटून हात जोडले होते, आणि घरात घंटीची वाट बघणारी शांतता पसरली होती.

ती पाटावर बसली. पाणी फिरवलं. गोड करून घे म्हणताना तिचा आवाज फाटला.

लाडवाची वाटी उचलून ती वळली तेव्हा दिवू तिच्या मांडीशी उभी होती, वरचा ओठ बोटानं धरून, सवयीनं. तिनं बोट काढलं. आजीकडे बघितलं, देवाकडे बघितलं, आणि आईच्या कानाशी तोंड आणून, गुपित विचारावं तसं विचारलं,

“आई, आजी बरी झाली ना? मग ती तिचे देव परत का घेत नाही?”